सांगून पाजायचं पाणी

मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, की शेवगावकडच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी गंगेचं म्हणून गेलं, ते नगर शहरातल्या संडास-गटारांतून आलेलं होतं, आणि ते मी दिलं होतं. पाण्यात दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा भलतीकडे जाईल. माणूस त्या पाण्याने गेला नाही, तो जायचाच होता. पाणी तर इतकं स्वच्छ होतं की आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये नळाला येतं ते त्याच्यापुढे गढूळ म्हणावं. दोष माझ्या जिभेचा.

माझी नोकरी पाणी तपासण्याची. शहराबाहेर मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र उभं राहिलं, तेव्हा त्यातलं थोडं पाणी आणखी पुढे, पार पिण्याच्या दर्जापर्यंत न्यायचं, लहान बाटल्यांत भरायचं आणि गावोगाव लोकांना दाखवायचं असं वरून ठरलं. आपला जिल्हा कोरडा. उद्या कधीतरी हेच प्यायची वेळ येईल, तर आतापासून लोकांची भीती मोडावी, असा विचार. विचार चांगलाच होता, अजूनही मला तो चांगलाच वाटतो. बाटली तळहातात मावेल एवढी. विकायची नाही. बघायची, आणि ज्याला वाटेल त्याने जागेवरच चाखायची. या बाटल्यांचे नियम बांधायचं आणि ते पाळले जातात की नाही ते बघायचं काम माझ्याकडे आलं. कुठली खेप सोडायची, कुठली अडवायची, बाटलीवर काय छापायचं, किती दिवसांनी ती बाद धरायची.

त्यातला एक नियम संपूर्ण माझा होता. पाणी कुठून आलं ते समोरच्याला तोंडी सांगितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि बाटली कुणाला घरी नेऊ द्यायची नाही. छापलेलं सगळेच वाचतात असं नाही, म्हणून तोंडी. ऑफिसात या नियमाला 'सांगून पाजा' असं नाव पडलं. चेष्टेनेच. मला पाहिलं की कुणीतरी चहाचा कप पुढे करून म्हणायचं, "साहेब, हा चहा दुधाचा आहे, पाण्याचा आहे, साखर दोन चमचे आहे, आता उघडा तोंड."

छापायच्या मजकुरावरूनही मी भांडलो होतो. वरिष्ठांना 'पुनर्वापराचे जल' हवं होतं. "अहो, मैला कशाला लिहिताय? मैला वाचून कोण तोंडाला लावेल?" ते म्हणाले. दुसऱ्या एकांनी 'सांडपाणी' सुचवलं. मी म्हटलं, सांडपाणी म्हटलं की खेड्यातल्या माणसाला परसातली केळ आठवते. न्हाणीचं, भांड्यांचं, अळूच्या मुळाशी सोडलेलं पाणी. तो समजेल तेवढंच. मैला आहे तर मैला म्हणा. शेवटी माझंच झालं. बाटलीवर छापलं गेलं, 'शहरातील मैलापाण्यापासून शुद्ध केलेले पाणी. शिक्षणासाठी नमुना. विक्रीसाठी नाही.' त्या शब्दाचा मला अभिमान वाटायचा. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे झालं ते शब्द माहीत नसलेल्या माणसाकडून झालेलं नाही.

त्या पाण्याची एक गोष्ट मात्र कुठल्याच अहवालात आली नाही. बाटल्या गळ्यापर्यंत, झाकण लावल्यावर आत हवेचा बुडबुडासुद्धा राहणार नाही अशा भरायच्या, असा दंडक होता. त्यामुळे भरलेली बाटली रिकामी दिसायची. पाण्याची रेघ नाही, हलवली तर हालचाल नाही, आरपार नुसतं मागचं दिसतं. रिकामी समजून उचलावी आणि हात खाली जावा. प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या आम्ही ऑफिसच्या कपाटात राखून ठेवायचो, पुढेमागे तक्रार आली तर तपासायला. कपाट उघडलं की वाटायचं, इतक्या रिकाम्या बाटल्या कुणी आणि का रांगेत लावून ठेवल्यात? झाडायला येणाऱ्या बाईंनी एकदा त्यातल्या काही कचऱ्याच्या म्हणून पिशवीत भरल्या. पिशवी उचलायला गेल्या आणि ओरडल्याच. "आत काहीतरी हाय!" असं म्हणत बाहेर आल्या. समजावून सांगितलं तरी पुन्हा त्या खोलीत एकट्या गेल्या नाहीत. आम्ही हसलो. पण नंतर मीही ते कपाट उघडताना खोलीचं दार उघडं ठेवायला लागलो.

चवही तशीच. चव म्हणजे काहीच नाही. प्यायल्यावर असं वाटायचं की आपण काहीतरी बोलणार होतो आणि ते विसरलो.

शेवगावला बाजार समितीच्या आवारात शेतीचं प्रदर्शन होतं, तिथे आमचं टेबल लागलं. उन्हाळा. बरोबर गाडीचा ड्रायव्हर, तो त्याच भागातल्या एका खेड्यातला. सकाळपासून गर्दी चांगली होती, पण ती ठिबकच्या आणि बियाण्यांच्या मंडपात. आमच्याकडे यायची ती करमणुकीला. एखादा बाटलीवरचं मोठ्याने वाचायचा आणि मैला शब्दावर अडखळून मागच्यांकडे बघायचा.

"नगरवाल्यांनी बसायचं आन् शेवगाववाल्यांनी प्यायचं, व्हय साहेब?"

"आदी सायबाला पाजा, मंग आमी बघू."

मी सगळ्यांसमोर एक बाटली उघडून प्यायलो.

"पेला की रं! उद्या जित्ता दिसला तर येतो आमी."

"नमुना लिवलंय बघ. पान्याचा का सायबाचा?"

ड्रायव्हर तोंडाला रुमाल लावून हसत होता. मीही हसलो. पण दुपार सरली तरी दुसरी बाटली उघडली गेली नाही. दर वेळी तोच शब्द उच्चारायचा आणि समोरचा चेहरा बंद होताना बघायचा, याने माणूस थकतो. ही सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी मी कसा होतो ते सांगतो.

उन्हं कलली तेव्हा एक म्हातारी टेबलाच्या कडेला येऊन उभी राहिली. कितीतरी वेळ ती बाटल्यांकडे बघत होती.

"ह्या रिकाम्या हायेत व्हय?"

मी एक बाटली तिच्या हातात दिली. वजनाने तिचा हात खाली गेला, तशी तिने चटकन दुसरा हात लावला. तिचा चेहरा बदलला. "भरल्याली हाय," ती हळूच म्हणाली, जणू ती गोष्ट आम्हा दोघांतच राहायला हवी होती.

मग तिने सांगितलं. तिचे मालक घरी अंथरुणाला खिळलेले. आता फार दिवस नाहीत. थोरल्या दिराने कधीकाळी काशीहून आणलेला तांब्याचा गडू घरात होता, तोंड झाळून बंद केलेला, याच वेळेसाठी जपून ठेवलेला. "काल फोडला, साहेब. आत कोरडा. थेंब न्हाई. झाळ जशीच्या तशी, कुटं भोक न्हाई, चीर न्हाई. पानी गेलं कुटं?" आपल्याकडची गंगा म्हणजे गोदावरी. तिथून आणावं तर धरणाचा फुगवटा हिरवा झालेला, वास मारतोय. सीलबंद, नितळ पाण्यावर तिची नजर खिळली होती. "ही गंगा हाय का?"

ती हे पाणी कशाला मागते आहे हे मला न सांगताही कळलं होतं. माझे वडील शाळेत शिकवायचे आणि सुट्टीत भिक्षुकी करायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर अशा घरांत गेलेलो आहे. पळीभर पाणी ओठांच्या कोपऱ्यातून आत सोडताना ते कसे हलक्या हाताने हनुवटी धरायचे ते मला पाठ आहे. त्या पाण्यावर लोक किती भरवसा टाकतात ते मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "मावशी, मुळेचं पाणी आहे. मुळा जाते प्रवरेला, प्रवरा जाते गंगेला."

"मंग गंगाच की."

"हं."

एवढंच. शहराला पाणी मुळा धरणातून येतं, हे खरं. मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा गंगेला, हेही खरं. मधलं शहर तेवढं मी गाळलं. तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली होती आणि त्या ओंजळीपुढे मला मैला म्हणवेना. शिवाय, आता प्रामाणिकपणे लिहायचंच तर, आत कुठेतरी मला बरंही वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी ते पाणी मागितलं होतं.

"दोन द्या," ती म्हणाली. "एक त्यांना, एक मला. माझं बी कवातरी यील की."

मी दोन दिल्या. तिने त्या पदरात गुंडाळल्या आणि गर्दीत गेली. परतीच्या वाटेवर ड्रायव्हर म्हणाला, "बरं केलं साहेब. खरं सांगून तिला काय मिळनार हुतं? रडली असती म्हातारी." मी काच खाली केली. दिलेल्या दोन बाटल्या मी नोंदवहीत चाखून संपल्या अशा दाखवल्या.

पुढचं वर्षभर मी ते विसरलो असं म्हणता येईल. विसरायची मला सवय आहे, घरात सगळे म्हणतात. मग एक दिवस ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ती म्हातारी आमच्या शेजारच्याच वस्तीवरली निघाली. मालक तवाच गेला तिचा. वर्षसराद्ध हाय, तुमाला लई बोलीवलंय. म्हनती, पानी देनाऱ्या सायबाला आना." मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा विहिरींचं पाणी तपासायला त्याच बाजूला जायचं होतं, आणि गाडी त्याने न विचारता वस्तीकडे वळवली.

कपाशीच्या रानाला लागून विटांचं, पत्र्याचं घर. श्राद्ध उरकलं होतं, पाहुणे पांगले होते. म्हातारीने मला सतरंजीवर बसवलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. तिच्या आवाजात माझ्याबद्दल जी माया होती ती ऐकून मला उठून जावंसं वाटलं.

"तुमाला सांगायचंच हुतं," ती म्हणाली. "दोन दिस त्यांनी डोळं उघाडलं न्हवतं. दुधाचा थेंब आत जाईना, सगळं व्हटातनं भायेर. म्या तुमची बाटली फोडली आन् चमच्यानं घातलं. तर गिळलं. घटाघटा गिळलं. आन् डोळं उघाडून मला म्हनले, हे पानी म्या आदी पेल्यालं हाय."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"हे पानी म्या आदी पेल्यालं हाय. चांगलं खणखणीत. पुन्ना म्हनले, वळकीचं हाय. मंग गेले." तिने डोळे पुसले, पण ती हसत होती. "काशीला जायाचं लई हुतं त्यांच्या मनात, कधी जमलंच न्हाई. म्या म्हनलं, मागल्या जन्मी जाऊन आल्यालं दिसतंय मानूस. तवाच वळीकलं."

चहा आला. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, आजारपणात दवाखाना कुठला केला? नगरला नेलं होतं, ती म्हणाली. त्या आधीच्या महिन्यात, लई दिवस होते तिथे, लघवीची पिशवी लावलेली. तिने दवाखान्याचं नाव सांगितलं. तो भाग मला माहीत होता. त्या भागातली गटारं आमच्याच केंद्राकडे येतात.

कप हातात तसाच राहिला. मी पाण्याचा माणूस आहे. कुणाच्या शरीरातून गेलेला थेंब पुन्हा त्याच माणसाच्या ओठाशी येणं किती अशक्य आहे हे मी आकड्यांत सांगू शकतो. शहरभराच्या पाण्यात तो कुठच्या कुठे जातो. पाणी ओळखता येत नाही. त्यात ओळखण्यासारखं काही उरूच नये यासाठीच तर तो सगळा कारखाना आहे. हे सगळं मी मनात म्हणत होतो आणि मानेवरून काहीतरी सरकत खाली चाललं होतं.

"या, दावते," म्हणत तिने मला देवघराशी नेलं. भिंतीतला कोनाडा. टाकांच्या शेजारी दुसरी बाटली उभी होती. सील शाबूत. वर हळदकुंकू, गळ्यात दोऱ्यात ओवलेलं एक फूल. आणि ती रिकामी दिसत होती. मला माहीत असूनही क्षणभर वाटलं की त्या गडूसारखंच झालं, हीही आतून कोरडी झाली. मी हात लावला नाही. तिच्यामागचा देवाचा टाक बाटलीतून वाकडा, मोठा दिसत होता, जवळ आल्यासारखा.

बाटलीवरचा मजकूर नीट दिसत होता, एक ओळ सोडून. 'शिक्षणासाठी नमुना' होतं. 'विक्रीसाठी नाही' होतं. त्यावरच्या पहिल्या ओळीवर हळदीचा जाड पट्टा होता, थरावर थर बसलेला.

"मावशी," मी म्हणालो, "ही बाटली आता जुनी झाली. मुदत संपली. मी घेऊन जातो."

"गंगेला कसली मुदत?" ती हसली. "मला लागनार हाय ती. त्यांनी वळीकलं, आता म्या वळीकनार. तुमी बिनघोर ऱ्हावा साहेब, हातसुद्धा लावीत न्हाई कुनी. सूनबाई तेवढी रोज पूजा करती."

आता सांगावं असं मला वाटलं. मी तोंडही उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, "निघतो, उशीर होतोय."

सून मला सोडायला बाहेर आली. चाळिशीची, दहावी-बारावी झालेली असावी. ड्रायव्हर गाडीपाशी कुणाशी तरी बोलत होता. चिंचेखाली आल्यावर ती थांबली, आणि डोक्यावरचा पदर नीट करत, माझ्याकडे न बघता बोलली.

"म्या वाचलं हुतं साहेब. आनली त्याच दिशी."

मी गाडीकडे बघितलं.

"मामंजींच्या तोंडात पानी घालताना म्या तिथंच हुते. म्हनलं, आता बोलावं का? आत्याबाईंनी चमचा व्हटाला लावला बी. न्हाई बोलले. त्यांनी ते वळकीचं हाय म्हनल्यावर तर माझ्या अंगावर काटाच आला. तवापासनं रोज त्या वळीवर हळद लावते. पाव्हनं येत्यात, पोरं वाचत्यात. पुसली की उघडं पडतंय."

"तुम्ही सासूबाईंना..."

"म्या का सांगू?" तिने आता सरळ माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नव्हता. "पानी तुमी दिलं. शब्द तुमी छापला. आन् झाकायचा मातर म्या, रोज आंघूळ करून, देवापुढं? मला वाटतं तिच्यात कुनीतरी हाय. दिसत न्हाई, पर हाय. मला भ्या वाटतंय त्या बाटलीचं. आत्याबाईंच्या टायमाला चमचा माझ्या हातात असनार, साहेब. मला त्येच पाजावं लागनार, ठाऊक असून."

मी येतो म्हणालो. परत येतो, सांगतो, असं म्हणालो. तिने मान हलवली आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कपाट उघडलं. त्या खेपेतली राखून ठेवलेली एक बाटली मागच्या रांगेत होती. अशी बाटली उघडणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, तेही माझ्याच नियमात लिहिलेलं आहे. दार उघडं होतं, बाहेर लोक बोलत होते, भरदिवसा. मी झाकण फिरवलं आणि एका दमात प्यायलो. मला खात्री करून घ्यायची होती की त्यात काही नाही.

चव ओळखीची वाटली.

वाटणारच. या नोकरीत मी ते पाणी किती वेळा चाखलंय. पण मी त्या चवीबद्दल बोलत नाही. घशाखाली उतरताना आपल्याला कुणीतरी ओळखलं आणि ओळखून गप्प राहिलं असं वाटलं. तेव्हापासून घरच्या नळाचं पाणी पितानासुद्धा मी आधी थोडा थांबतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, गार आहे.

त्यानंतर त्या बाजूला मी तीन-चार वेळा गेलो, आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हरला सरळ रस्ता धरायला सांगितलं. म्हातारी थकलीय असं त्याच्याकडून कळतं. सुनेचा निरोप कधी आला नाही. तिने तो पाठवावा अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू? निवृत्तीनंतर जाऊ, पावसाळ्यानंतर जाऊ, म्हातारीचं मन कशाला मोडा, ही सगळी वाक्यं मी स्वतःला म्हणून बघितली आहेत. एवढं मात्र कळलंय की म्हातारीची दया मला कधीच आली नव्हती. तो शब्द तिच्यासमोर उच्चारताना माझा चेहरा कसा दिसेल, याची भीती होती.

मी अजून गेलेलो नाही. म्हातारी आहे, बाटली भरलेली आहे, आणि आज सकाळीही तिच्यावर हळद लागली असेल. म्हातारीसमोर बसून तिच्या नवऱ्याच्या तोंडात गेलेलं पाणी मैल्याचं होतं हे माझ्या तोंडाने सांगणं, आणि सुनेच्या हातात चमचा येण्याआधी ती बाटली परत घेणं, एवढं मी त्या घराला अजून देणं लागतो.